झुंबरबाईंकडच्या दोन लेन्स

माझी बायको लता चारचौघांत सांगते, की आमचे हे प्रसादाचा पेढासुद्धा आधी हुंगतात आणि मग तोंडात टाकतात. हुंगतोच. विटका पेढा देवाच्या नावावर खपवणारी माणसं मी पाहिलेली आहेत, मग का नको हुंगू? जळगावच्या पिंप्राळ्यात सोळा वर्षं माझा फोटो स्टुडिओ आहे. एवढ्या वर्षांत मुदत संपलेली फिल्म कोणी माझ्या गळ्यात मारू शकलेलं नाही. गिरधर भोळे फक्त आडनावाचा भोळा, असं आमच्या कॉलनीत म्हणतात आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

हे शिक्षण मला वडिलांकडून मिळालं. आम्ही मूळचे सावद्याचे, केळीवाले. व्यापारी बागेत आला की त्याला जो माल हवा असायचा त्यालाच तो नावं ठेवायचा. दांडा बारीक आहे, फणी आखूड आहे, हा माल दिल्लीला पोचायचा नाही. आणि जो नको असायचा त्याच्यापुढं उभा राहून वा वा करायचा. मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी मला बांधावर उभं करून सांगितलं होतं, की माणूस ज्याला नावं ठेवतो तेच त्याला पाहिजे असतं, ते हातचं सोडू नको. मी आयुष्यभर तसंच वागत आलो आणि कधी तोट्यात गेलो नाही. अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत तरी नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत जामनेरहून अमृतलाल आला. अमृतलालचं तिथं कापडाचं दुकान आहे. जळगावला कॉलेजात असताना आम्ही दोघं एका खोलीत राहायचो, तेव्हापासूनची दोस्ती. स्कूटर लावून तो आत आला, स्टुलावर बसला आणि शांतपणे म्हणाला, आईनं संथारा घेतलाय. जैनांमध्ये म्हातारपणी, शरीर थकलं की काही जण अन्न सोडतात आणि मरणाची वाट बघत नामस्मरणात राहतात, ते हे व्रत. आज नववा दिवस, अजून फार तर चार-पाच दिवस निघतील, असं तो म्हणाला. मला त्याच्या शांतपणाचासुद्धा संशय आला. आई चाललेली असताना माणूस असा बसतो का? पण बोलता बोलता त्याचा आवाज बसला, आणि मग त्याचं काम कळलं.

त्याच्या आईचा, प्रेमकुंवरबाईंचा, एकही फोटो घरात नव्हता. चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांनी कधी काढू दिला नव्हता. लग्नकार्यातल्या फोटोंत त्या होत्या, पण डोक्यावरून ओढणी एवढी पुढं ओढलेली, की नुसती हनुवटी दिसावी. मी स्वतः त्यांच्याकडं दोनदा जेवलो होतो आणि मला त्यांचे वाढणारे हात तेवढे आठवत होते. आता या शेवटच्या दिवसांत अमृतलालनं हात जोडले तेव्हा त्या एका फोटोला हो म्हणाल्या होत्या. अट एकच. फ्लॅश नको, दिवा नको. विजेत आणि अग्नीत सूक्ष्म जीव असतात अशी त्यांची श्रद्धा, आणि जाताना तेवढीसुद्धा हिंसा त्यांना नको होती. खिडकीतून येईल त्या उजेडात काय निघेल ते काढा, म्हणाल्या.

"एकच फोटो पाहिजे, गिरधर," अमृतलाल म्हणाला. "तिचं माझ्याकडं दुसरं काहीच राहणार नाही."

मी खोलीची चौकशी केली. खिडकी एकच, हातभर रुंद. त्यात प्रेमकुंवरबाईंची मान वयामुळं सारखी डुगडुगायची. म्हणजे कॅमेरा स्टँडवर ठेवून सेकंदभर उघडा ठेवायची सोय नाही, चेहरा पुसला जाणार. माझ्याकडं जुना जर्मन कॅमेरा होता, त्याची लेन्स त्या अंधाराला पुरणारी नव्हती. एवढ्याशा उजेडात झटकन चित्र पकडणारी, मोठ्या तोंडाची लेन्स पाहिजे होती. असल्या लेन्स खानदेशात शोधून चार सापडल्या नसत्या. त्यातल्या दोन कुठं आहेत ते मला ठाऊक होतं.

धुळ्याच्या गल्ली नंबर सहामध्ये हिलालनाना म्हणून जुने फोटोग्राफर होते. आदल्या दिवाळीत ते वारले. त्यांचा कॅमेरा माझ्यासारखाच, त्यामुळं त्यांच्या लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसणाऱ्या. दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. पकडून मी पारोळ्यावरून धुळ्याला गेलो.

हिलालनानांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. साठीची बाई, बारीक अंगाची, नाकावर जाड चष्मा. मी काय हवंय ते सांगितल्यावर त्या आत गेल्या आणि दोन लेन्स एका सुपात ठेवून घेऊन आल्या. सुपात. मला तिथंच वाटलं, या बाईला यातलं काय कळणार.

दोन्ही पन्नास एम.एम., दोन्ही जपानी. एक वन पॉइंट फोर आणि दुसरी वन पॉइंट टू. या धंद्यात आकडा जेवढा लहान तेवढी लेन्स जास्त उजेड घेते, म्हणजे वन पॉइंट टू वरचढ. त्यातून ती आरशासारखी स्वच्छ होती. पुढून, मागून, उजेडाला धरून बघितली, आत धुळीचा कण नाही. वन पॉइंट फोरच्या पुढच्या काचेवर मात्र बारीक ओरखडेच ओरखडे. नाना पूर्वी लग्नाच्या गर्दीत ती उपरण्यानं पुसायचे म्हणे.

झुंबरबाईंनी ओरखडेवाली उचलून माझ्या हातात दिली.

"हाई ले, भाऊ," त्या म्हणाल्या. "ती नको लेऊ. तेनामा डोया येत नही."

त्या स्वच्छ लेन्समध्ये डोळा येत नाही म्हणे. मी मनातल्या मनात हसलो. लेन्सनं काय नाक-कान घ्यायचे आणि डोळा सोडायचा? बाई सुपात लेन्स आणते आणि मला फोटोग्राफी शिकवते. मी विचारलं, पैसे काय? तर दोन्हीचे सारखेच सांगितले. आता मात्र माझे कान टवकारले. चांगल्या मालाला आणि खराब मालाला एकच भाव कोण सांगतं? ज्याला चांगला माल द्यायचाच नाही, तो. नावं ठेवली होती ती स्वच्छ लेन्सला, म्हणजे तीच यांना ठेवून घ्यायची होती. सावद्याच्या बांधावर उभा असल्यासारखं मला सगळं लख्ख दिसलं.

कोणासाठी ठेवायची होती तेही लगेच कळलं. तेवढ्यात त्यांचा भाचा मगन आला. त्याचा देवपुरात स्टुडिओ आहे. मला बघून तो जरा थबकला, मावशीकडं बघितलं, सुपाकडं बघितलं आणि मी नंतर येतो म्हणून निघून गेला. मी म्हटलं, बरोबर. घरचा माणूस गिऱ्हाईक आहे, आणि जळगाववाल्याला ओरखडे विकायचे आहेत. पुढं कळलं, तो बिचारा फक्त नानांचं फोटो मोठा करायचं यंत्र, एन्लार्जर, न्यायला आला होता आणि परक्या माणसासमोर तो विषय काढणं त्याला बरं वाटलं नव्हतं. पण तेव्हा त्याच्या थबकण्याचा मी पुरता पंचनामा करून ठेवला.

झुंबरबाई काहीतरी सांगायला लागल्या, की नानांनी ती एकदा उघडली होती आणि तेव्हापासून. मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. जास्त समजावून सांगणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहतो. म्हटलं, अक्का, मला ही स्वच्छच पाहिजे. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, तुमची मर्जी, पण मी सांगितलंय.

आता लेन्स बांधून द्यायची म्हणून त्या पिशवी आणायला आत निघाल्या आणि लेन्सही बरोबर नेऊ लागल्या. मी उठून मागोमाग गेलो. परक्या घरात, स्वैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. त्याआधी मी अंगठ्याच्या नखानं लेन्सच्या कड्यावरच्या मळात एक बारीक खूण करून ठेवली होती, म्हणजे आत अदलाबदल झाली तर कळावं. पिशवीत घातलेली लेन्स मी पुन्हा बाहेर काढून खूण तपासली. झुंबरबाईंनी ते सगळं बघितलं. आज आठवलं की लाज वाटते.

बसस्टँडवर भर उन्हात मी दोन फोटो काढून बघितले, रसवंतीवाल्याचा आणि एका एस.टी.चा. घरी आल्यावर फिल्म धुतली, दोन्ही खणखणीत आले होते. उन्हात लेन्सचं तोंड बारीक केलेलं असतं आणि तेव्हा असल्या लेन्सचीही चूक झाकली जाते, हे मला कळत नव्हतं असं नाही. पूर्ण उघडी ठेवून, घरात, लताला खिडकीशी बसवून एक फोटो काढायला दहा मिनिटं लागली असती. पण त्या दिवशी मी असा खुशीत होतो, की लेन्सवर शंका घ्यायचं मला सुचलंच नाही. सगळी शंका मी झुंबरबाईंवर आणि मगनवर खर्च करून आलो होतो. लताला रंगवून सांगितलं, म्हातारी कशी मला गंडवत होती आणि मी कसा गंडलो नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, तिनं तर उलट ती घेऊ नका म्हणून सांगितलं, यात गंडवणं कुठं आलं? मी म्हटलं, तुला धंद्यातलं कळत नाही.

जामनेरला गेलो तेव्हा घराबाहेर चपलांचा ढीग होता. दर्शनाला माणसं येत होती, पण आवाज नाही. आतल्या खोलीत प्रेमकुंवरबाई पांढऱ्या चादरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात माळ. अमृतलाल कानाशी वाकून काही बोलला. मग त्यांनी आपल्या हातानं ओढणी मागं सारली आणि माझ्याकडं चेहरा केला. अमृतलालच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. त्या घरात परक्या पुरुषासमोर असं कधी झालेलं नव्हतं.

माझ्या कॅमेऱ्याची रीत सांगायला हवी. त्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीच्या मधोमध एक फिक्कट पिवळा चौकोन असतो, त्यात माणूस दुहेरी दिसतो. लेन्सचं कडं फिरवत गेलं की ती दोन रूपं जवळ येतात आणि एकावर एक बसली की फोकस झाला. लेन्सला प्रत्यक्षात काय दिसतंय ते तुम्हाला दिसतच नाही, फिल्म धुवेपर्यंत. मी त्या चौकोनात त्यांचा उजवा डोळा घेतला. मान डुगडुगत होती, डोळा चौकोनाच्या आत-बाहेर होत होता. एकाचे दोन, दोनाचे एक. पाच वेळा दोनाचा एक झाला आणि पाच वेळा मी बटण दाबलं. त्यांनी सबंध वेळ माळ थांबवून ठेवली होती. शेवटी हात जोडले, ओढणी पुढं घेतली आणि पुन्हा माळ ओढायला लागल्या.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी फिल्म त्याआधीच धुतली होती, पण निगेटिव्हवर बारीकसारीक कुठं कळतंय. त्यांची बातमी आली त्या दुपारी मी पहिला मोठा प्रिंट काढला. डेव्हलपरच्या ताटलीत चेहरा वर येताना मी वाट बघत होतो. कान आला. कानातली बारीक तार आली, कानामागचा पांढरा केस आला, ओढणीच्या काठाचा विणलेला दोरा न् दोरा आला. डोळे आलेच नाहीत. म्हणजे जागेवर होते, पण धुक्यात ठेवल्यासारखे, पापणी नाही, बुबुळाची कड नाही. मी दुसरी निगेटिव्ह लावली, तिसरी लावली. पाचही तशाच. मी जिथं जुळवलं होतं त्याच्या चार बोटं मागं सगळं धारदार होतं.

मी आधी शहाणपणा केला. पोस्टकार्डाएवढा लहान प्रिंट काढला, लहानात चूक लपते. लतापुढं ठेवला. तिनं बराच वेळ बघितला आणि विचारलं, या कुठं बघताहेत? मी तो प्रिंट फाडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुळे. झुंबरबाईंनी निगेटिव्ह उजेडाला धरली, भिंग लावलं. मला वाटलं आता ऐकवणार. माझी ऐकून घ्यायची तयारी होती, खरं तर मला तेच हवं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, की कान चांगला आला आहे. मग सांगितलं, जे मी तेव्हा ऐकून घेतलं नव्हतं. त्या लेन्सला आत बुरशी लागली होती. नानांनी घरीच उघडून साफ केली, म्हणून ती एवढी स्वच्छ. पण पुन्हा बसवताना आतली एक बारीक चकती राहून गेली, तेव्हापासून तिचं तोंड पूर्ण उघडलं की ती मागंच बघायची. नानांना हे पटायचं नाही, मोठ्या हौसेनं घेतलेली लेन्स. ते तीच वापरायचे, आणि घरात झुंबरबाई प्रत्येक प्रिंटवर बारीक कुंचल्यानं डोळे काढून द्यायच्या. नवऱ्यांचे, नवऱ्यांच्या आयांचे, बारशाच्या पोरांचे. वीस वर्षं. धुळ्यातल्या अर्ध्या लग्नांच्या पापण्या त्यांच्या हातच्या होत्या, आणि मी त्या बाईला विचारून घ्यायचं सोडून तिच्या मागोमाग स्वैपाकघरात गेलो होतो.

मी म्हटलं, अक्का, यांचे डोळे काढून द्या.

"काढी दिसू," त्या म्हणाल्या. "पन तिना डोया कसा व्हतात, ते सांग."

काळे होते की घारे, पापणी जड होती की हलकी, मला एक अक्षर सांगता येईना. त्या म्हणाल्या, मी लग्नातले डोळे काढायचे तेव्हा नवरा-नवरी गल्लीतली असायची, मी बघितलेली असायची. अंदाजे डोळे काढले तर ती बाई दुसरीच होईल. तिच्या पोराला घेऊन ये.

म्हणजे अमृतलालला सांगणं आलं. बारा दिवस मी टाळलं. तो निरोप पाठवायचा, घाई नाही, तुझ्या सवडीनं दे. त्या निरोपांचीसुद्धा मला भीती वाटायची, याला कळलंय आणि हा मुद्दाम गोड बोलतोय असं वाटायचं. तेराव्या दिवशी जामनेरला जाऊन सगळं सांगितलं. लेन्स, ओरखडे, नखाची खूण, सगळं. तो कापडाच्या ठाणावर हात फिरवत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, चल, कुठं जायचं ते सांग.

झुंबरबाईंनी प्रिंट पाटावर ठेवला, रंगाची वाटी घेतली, कुंचला जिभेनं ओला करून टोकदार केला. मग अमृतलालला विचारलं. तो लगेच बोलायला लागला. काळे, म्हणाला. मग म्हणाला, नाही, काळे नाही, जरा भुरे. मोठे. मोठे म्हणजे, अगदी तसे मोठे नाहीत. मग थांबला. प्रिंटकडं बघत बसला. बाहेर गल्लीत कल्हईवाला ओरडत होता, त्याचा आवाज लांब गेला.

"ती माझ्याकडं बघायची," तो म्हणाला. "मी कुठं तिच्याकडं बघितलं?"

मग एकदम काही सुचल्यासारखा माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती, ती मला बघवेना. "गिरधर, तू तर पंधरा मिनिटं बघत होतास. ओढणी काढून तिनं तुझ्याकडं बघितलं. तू सांग."

"मी जुळवत होतो, अमृत," मी म्हटलं. "मी बघत नव्हतो."

झुंबरबाईंनी कुंचला पाण्यात बुडवून पुसला आणि डबीत ठेवून दिला. अमृतलालनं प्रिंट तसाच कागदात गुंडाळून घेतला. झुंबरबाई चहा घेऊन जा म्हणाल्या, तो घेतला.

स्टँडवर आलो तर बस लागायला वेळ होता. बाकावर शेजारी बसलो. मी माफी मागितली, म्हटलं, तुझ्या आईचा एकुलता एक फोटो मी माझ्या हट्टापायी घालवला. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, राग नाही रे, खरंच नाही. माझा विश्वास बसला नाही. एवढं झाल्यावर राग नाही, असं कसं होईल? मनात ठेवून तोंडानं गोड बोलणारे कमी असतात का? म्हणून खरं-खोटं करायला मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, अगदी जवळून.

भुरे होते. कडेला जरासे हिरवट, आणि डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली आलेली. वीस वर्षांची दोस्ती, एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, आणि हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आईकडून आलेले असतील की वडिलांकडून, ते सांगणारं आता त्यांच्या घरात कोणी उरलं नव्हतं. जळगावची बस लागली, आणि आम्ही दोघं उठलो.